शमिकाने कापलेलं पान

चांगलं पुस्तक आपल्या पायांनी वाचकाकडे चालत जातं, असं मी पंचवीस वर्षं लोकांना सांगत आलो. माझ्या छापखान्याच्या माळ्यावर मात्र चांगली पुस्तकं गठ्ठ्यांत बसून होती आणि त्यांच्या पायांना वाळवी लागत होती. हे मला तोंडावर सांगणारं पहिलं माणूस म्हणजे शमिका आडविरकर.

रत्नागिरीतला माझा छापखाना लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं आणि शाळांची प्रगतिपुस्तकं यांवर चालतो. त्यातून सवड काढून मी वर्षाला दोन-तीन पुस्तकं काढतो. प्रकाशनाचं नाव गडगा. आमच्याकडे चुना-सिमेंट न लावता नुसते दगड एकावर एक रचून बागेला कुंपण घालतात, त्याला गडगा म्हणतात. माझं प्रकाशनही तसंच उभं आहे, आणि ते कसं उभं आहे हे फार खोलात जाऊन कोणी विचारू नये.

चार वर्षांपूर्वी शमिका एका मोबाइलच्या दुकानाचं पोस्टर छापायला आली. तेव्हा ती त्या दुकानात कामाला होती. मी नमुना काढून दाखवला. तिने तो भिंतीला लावला, रस्त्याच्या पलीकडे गेली, तिथून मला ओरडून सांगितलं, "काका, हे रिक्षातून वाचता येत नाही!" मी म्हणालो, रिक्षातल्या माणसाने समोर बघावं, पोस्टर कशाला वाचावं. ती परत आत आली आणि माझ्या खुर्चीवर बसून अक्षरं मोठी करायला लागली. मला राग आला. पोस्टर छापून झालं तेव्हा मात्र मीच रस्ता ओलांडून बघून आलो. महिन्याभराने ती माझ्याकडे नोकरीला लागली, आणि कानामागून आली नि तिखट झाली म्हणतात तसं दोन महिन्यांत माझा छापखाना तिच्या म्हणण्याप्रमाणे चालू लागला.

तिचं काम पुस्तकांची प्रसिद्धी आणि लेखकांचे कार्यक्रम. हे काम असतं हेच मला ठाऊक नव्हतं. माझी प्रकाशनाची कल्पना ठरलेली होती. एक हॉल घ्यायचा, तीन पाहुणे बोलवायचे, शाल आणि नारळ द्यायचे आणि शेवटी लेखकाला वेळच उरायचा नाही. शमिकाने पहिल्याच कार्यक्रमात पाहुणे कापून एकावर आणले, शाल-नारळ बंद केले आणि लेखकाला बारा मिनिटं दिली. ती मागे भिंतीपाशी उभी राहते. बारा मिनिटं झाली की ओढणी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकते. लेखकाने ओढणी बघून आवरतं घ्यायचं, असा तिचा नियम आहे, आणि मोठमोठे प्राध्यापक त्या ओढणीला घाबरून असतात.

तालुक्यातल्या प्रत्येक वाचनालयाच्या ग्रंथपालाला ती नावाने ओळखते, कोणाच्या सासूचा गुडघा दुखतो तेही तिला पाठ. पोस्टर एसटी स्टँडवर लावते, मासळी बाजारात लावते, सलूनमध्ये आरशाशेजारी लावते, कारण तिथे माणूस वीस मिनिटं मान न हलवता बसतो. मे महिन्यात आंब्याच्या कॅनिंगच्या शेडमध्ये बायका सोलायला बसतात, तिथे तिने एका लेखिकेला नेऊन वाचन ठेवलं. मी म्हटलं, अगं, त्यांचे हात रसाने भरलेले, पुस्तक कोण हातात घेणार? ती म्हणाली, "हात कामात असतात काका, कान मोकळे असतात." त्या दिवशी संध्याकाळी हात धुऊन एकोणीस बायकांनी पुस्तक घेतलं.

पण ही पोर काय आहे ते मला अलोऱ्याला कळलं. कोयना प्रकल्पावर तीस वर्षं काढलेल्या एका वायरमनच्या आठवणी आम्ही छापल्या होत्या. कार्यक्रम तिथल्याच कॉलनीत. कॉलनीतली निम्मी घरं बंद, हे आम्हाला तिथे गेल्यावर दिसलं. चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या, माणसं आली चार. त्यातला एक रखवालदार, तो हॉलची किल्ली घेऊन बसलेला. लेखकाचा चेहरा मला बघवेना. मी शमिकाच्या कानात म्हटलं, तब्येतीचं कारण सांगू आणि निघू.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बसलो. मग तिने एकेक करून छत्तीस खुर्च्या मिटल्या, भिंतीला लावल्या, उरलेल्या चार गोलात ओढल्या, लेखकाला मधे बसवलं. म्हणाली, "चार आलेत म्हणजे चार आलेत. वाचा." तो माणूस तासभर वाचत होता. त्या चारांत एका ओव्हरसियरची विधवा होती. पुस्तकात तिच्या नवऱ्याचं नाव आलं तेव्हा तिने पदर तोंडाला लावला, आणि जाताना नातेवाइकांसाठी अकरा प्रती सांगून गेली. परतीच्या वाटेवर मी शमिकाला म्हणालो, तू शहाणी आहेस. ती म्हणाली, मी हट्टी आहे. दोन्ही खरं होतं.

या हट्टी मुलीने गेल्या वर्षी मला रघू तांडेलच्या वह्या आणून दिल्या.

शमिका मूळची राजापूर तालुक्यातल्या नाटे गावची. कॉलेजसाठी रत्नागिरीला आली आणि इथेच राहिली, पण आई-बाप तिकडेच, समुद्राला लागून असलेल्या वाडीत. बाप दीपक आडविरकर छोट्या होडीवर गळाने मासे धरतो आणि वाडीचा गावकर आहे, म्हणजे गावकीच्या बैठकीत शेवटचा शब्द त्याचा. त्याच वाडीतले रघू तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. वय शहात्तर. चाळीस वर्षं त्यांनी होडी हाकली आणि त्या चाळीस वर्षांचं सगळं तीन लांब वह्यांत पेन्सिलीने लिहून ठेवलं. पेन्सिलीने का, तर शाईला पाणी लागलं की फुटते. वारे, वादळं, बुडालेली माणसं, जिवंत परत आलेली माणसं. मी पहिली वही रात्रीच्या जेवणाआधी उघडली आणि बायको जेवायला हाका मारून थकली.

छापायचं ठरलं तेव्हा रघू तांडेलनी एकच अट घातली. "कार्यक्रम आमच्या वाडीत करायचा. रत्नागिरीच्या हॉलात माजे लोक येयाचे नायत. आले तरी चपला काडून भायर उबे ऱ्हातील." आणि तोही याच पावसाळ्यात, मासेमारीची बंदी असते तेव्हा, कारण तेव्हा सगळे पुरुष किनाऱ्यावर असतात, जाळी विणत बसलेले. त्यांचं हृदय नीट चालत नव्हतं, डॉक्टरांनी तसं सांगितलंही होतं. "फुडची बंदी मी बगेन का नाय, कोन जाने," ते म्हणाले. शमिकाने तिथल्या तिथे शब्द दिला. जुलैच्या तिसऱ्या रविवारी, वाडीच्या जाळ्यांच्या शेडमध्ये.

पुस्तक छापलं, शिवलं, सातशे प्रती बांधून तयार झाल्या. कार्यक्रमाआधी पुस्तकातलं एक पान शमिका फोनवरून सगळ्यांना पाठवते, तिच्या भाषेत 'पोस्ट' टाकते. रघू तांडेलच्या पुस्तकातलं कुठलं पान, यावर आमचं दोघांचंही पहिल्यांदा एकमत झालं. पान त्रेसष्ट. दर्यात उभं राहून मागे वळून पाहिलं की आपला किनारा कसा दिसतो, कोणत्या गोष्टीच्या पाठीमागे कोणती गोष्ट येते, यावर एक परिच्छेद आहे. शमिकाने तो छापखान्यात मोठ्याने वाचला तेव्हा मशीनवरचा माणूस काम थांबवून ऐकत राहिला आणि मी चष्मा पुसला. असलं सुंदर निसर्गवर्णन मी वर्षानुवर्षं वाचलं नव्हतं.

सोमवारी सकाळी पोस्ट गेली. दुपारपर्यंत ती कुठल्या कुठे पोहोचली. दुसऱ्या एका बंदरातल्या कोणा बोटवाल्याने खाली लिहिलं, 'फार छान. अर्धं कळलं. उरलेलं वाचायला पुस्तक कुठे मिळेल?' शमिका खुर्चीतून उडाली. तिने त्याला नमस्कार, लाल बदाम आणि आमचा फोन नंबर पाठवला.

अर्ध्या तासाने तिच्या वडिलांचा फोन आला. तिने आनंदाने उचलला. पलीकडचा आवाज माझ्यापर्यंत येत होता.

"शमे, ते काड."

"काय काढू?"

"ते पान. आत्ताच्या आत्ता. वाडी इकलीस तू." आणि फोन बंद झाला.

तिने पोस्ट काढली, पण का काढली ते तिला कळलं नव्हतं. तिने धाकट्या भावाला, नवी मुंबईतल्या अजिंक्यला फोन लावला आणि मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. त्याने सांगितलं ते असं.

पाण्याखाली एक खडप आहे. खडकाचा मोठा पट्टा. त्याच्यावर तांबोशी मासळी लागते, आणि वाडीतल्या वीसेक छोट्या होड्या वर्षाचे कित्येक महिने त्याच एका जागेवर जगतात. ती जागा वरून दिसत नाही. ती शोधायची तर किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी एकामागे एक आणायच्या, म्हणजे दर्यात एक रेघ मिळते. दुसऱ्या बाजूच्या आणखी दोन गोष्टी एकामागे एक आणायच्या, की दुसरी रेघ मिळते. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे गळ सोडायचा. याला खुणा म्हणतात. हल्ली जीपीएस आहे, पण त्याचे आकडेसुद्धा लोक एटीएमच्या नंबरासारखे जपतात. झाकली मूठ सव्वा लाखाची. आमच्या निसर्गवर्णनात पान त्रेसष्टवर पहिली खूण होती. पान उलटलं की चौसष्टवर दुसरी.

तो परिच्छेद मी इथे देणार नाही, हे सांगायला नको.

"तुला म्हाईत नव्हतं?" अजिंक्य विचारत होता.

"मला कोणी सांगितलं कधी?" शमिका म्हणाली. फोन ठेवल्यावर मी तिला चहा दिला, तो तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी गावकीचा निरोप आला. कार्यक्रम होणार नाही आणि पुस्तकही बाहेर येता कामा नये. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, छापलेलं पुस्तक कोणाच्या बापाला घाबरत नाही! शमिका शांतपणे म्हणाली, "काका, तुमचं ते पुस्तक आहे. त्यांचं ते पोट आहे." मग म्हणाली, "आणि बाप माझा आहे." आपलेच दात, आपलेच ओठ, कोणाला बोलणार.

मी उपाय सुचवला. लग्नपत्रिकेत मुहूर्त चुकला की आम्ही त्यावर दुसऱ्या कागदाची पट्टी चिकटवतो, तसं करू. तिने एका प्रतीवर पट्टी मारली, खिडकीशी उजेडात धरली. खालची अक्षरं स्वच्छ दिसत होती. "पट्टी वाफेवर निघते सुद्धा," ती म्हणाली. "पान कापायचं. आधी रघूआजाला विचारायचं."

आम्ही नाट्याला निघालो. भाट्याचा पूल ओलांडला, पावस मागे पडलं.

रघू तांडेल ओटीवर बसले होते. वाडीत आता त्यांच्याकडे कोणी येत नव्हतं. शमिकाने काही लपवलं नाही, काय करायचं ते सरळ सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "मी लिवलं, तू छापलंस. दोगांचीपन चूक," ते म्हणाले. "काप. पन ती जागा कोरी सोडू नको. कोरी जागा बगून मानूस जास्त शोदतो. मी सांगतंय ते लीव." तिने लिहून घेतलं. नव्या पानावर बाकी मजकूर होता तसाच ठेवला, आणि त्या परिच्छेदाच्या जागी त्यांचं वाक्य आलं, 'इथे एक जागा होती. ती वाडीची आहे आणि वाडीला ठाऊक आहे.'

ते पान कापणं म्हणजे काय, हे छापखान्यातल्या माणसालाच कळेल. पुस्तक उघडायचं, शिवणीपासून अर्धं बोट कोरी कड सोडून स्टीलची पट्टी ठेवायची, एका झटक्यात पातं ओढायचं, खालच्या पानाला ओरखडा जाता कामा नये. मग उरलेल्या कडेला खळ लावून नवं पान बसवायचं आणि वजनाखाली ठेवायचं. सातशे वेळा. मी म्हणालो, दोन बायका लावतो कामाला. तिने मान हलवली. "कापलेलं पान दुसऱ्या कोणाच्या हातात पडता कामा नये." नवी पानं चिकटवायला तिने मला घेतलं, कापायला नाही. पाच दिवस ती सकाळी नऊला बसायची ती दिवे लागेपर्यंत. तिसऱ्या दिवशी अंगठ्याला फोड आला, त्यावर पट्टी बांधून पुन्हा बसली. प्रत्येक कापलेलं पान ती पालथं करून शेजारच्या पोत्यात टाकत होती. माझ्या चाळीस वर्षांच्या छपाईच्या धंद्यात चूक झाली म्हणून रडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. ती इतक्या सरळ रेषेत कापून काढणारी ही एकच.

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी दुपारी, कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी, गावकी बसली. देवळाच्या सभामंडपात साठ-सत्तर पुरुष, बायका बाहेर पायऱ्यांवर. मधे दीपक आडविरकर. शमिका पोतं खांद्यावर घेऊन आत गेली आणि ते बापाच्या पायाशी ठेवलं. मी तिच्या मागे, बळी द्यायला आणलेल्या कोंबड्यासारखा.

"काय हाय ह्यात?" दीपक आडविरकरांनी विचारलं. मुलीशी बोलतोय असा सूरच नव्हता.

"पान त्रेसष्ट. सातशे हायत. मोजून घ्या. कॉम्प्युटरातलं पुसलंय. वही रघूआजाकडंच हाय."

त्यांनी पोत्याचं तोंड उघडून आत पाहिलं. मग म्हणाले, "आनि तुज्या डोक्यात हाय ते?"

मागून कोणीतरी म्हणालं, ह्या काकांनीपन वाचलंय. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"तुमास्नी काय कळलं?" गावकरांनी मला विचारलं.

"मला ते निसर्गवर्णन वाटलं," मी म्हणालो.

आधी एक हसला, मग सगळे. पायऱ्यांवरच्या बायकासुद्धा हसल्या. माझ्या अज्ञानाला एवढी दाद उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती. शमिका मात्र हसली नाही.

"माज्या डोक्यातलं कापून देता येत नाय, बाबा."

"म्हनून तर पोरींना सांगत नाय," ते म्हणाले. "पोर उद्या दुसऱ्या गावात नांदायला जानार. तिच्यासंगती खूण जानार."

"अजिंक्य सातवीत होता तवा तुमी त्याला होडीत घेऊन गेलात. मी किनाऱ्यावर उभी होते, तुमच्या दोगांच्या भाकरीचं फडकं धरून. तो आज नवी मुंबईत हाय. आठ वर्षांत त्यानं गळाला हात लावला नाय. त्याच्या डोक्यातलं कोन परत मागतंय?" तिने पोत्याकडे बोट दाखवलं. "चूक माजी हाय. ती मी माज्या हातानं कापली. पन ही झाकायची गोष्ट हाय हेच मला म्हाईत नव्हतं. जिला घरात काय झाकलंय ते कोनी सांगितलंच नाय, तिनं झाकण सांभाळायचं कसं?"

एका खांबाला धरून रघू तांडेल उठले.

"मला तीन पोरी," ते म्हणाले. "पोरीला सांगायची रीत नाय. जावयाला सांगावी तर तो परगावचा. रोज राती वाटायचं, ही माज्यासंगती जळनार. म्हनून कागदाला सांगितली. पोर जाईल तिकडं बापाचं नाव राखते. कागदानं तेवडंपन केलं नाय." आणि मग गावकरांकडे वळून, "तूच सांग दीपक, मी कुनाला सांगून मरू?"

दीपक आडविरकर पोत्याकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी ते पोतं उचलून देवळाच्या कोपऱ्यात ठेवलं आणि म्हणाले, "कार्यक्रम व्हऊ दे." एवढंच. मुलीकडे त्यांनी पाहिलं नाही. ती रत्नागिरीपर्यंत मान खिडकीकडे करून बसली होती, आणि आठ दिवस जेवढ्यास तेवढं बोलली. पोस्टर मात्र राजापुरापासून मासळी बाजारापर्यंत सगळीकडे वेळेत लागली.

रविवारी जाळ्यांच्या शेडमध्ये दोनशे माणूस होतं. जाळी भिंतींशी सारून त्यांच्यावरच लोक बसले. पत्र्यावर पाऊस एवढा वाजत होता की माइक असून नसल्यासारखा. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घातल्याशिवाय कशाची सुरुवात होत नाही. गावकर उभे राहिले, हातात नारळ, समोर पुस्तकाची पहिली प्रत.

"बा देवा म्हाराजा! आज तुज्या लेकरानं, रघू तांडेलानं, आपली चाळीस वर्सां ह्या पुस्तकात घातली हायत..."

"व्हय म्हाराजा!" दोनशे गळे.

"जे लिवलंय ते मुलखभर जाऊ दे..."

"व्हय म्हाराजा!"

"आनि जे झाकलंय ते झाकलेलं ऱ्हाऊ दे!"

हा शेवटचा 'व्हय म्हाराजा' पत्र्यावरच्या पावसाच्याही वर गेला. रघू तांडेलना बारा मिनिटं होती. शमिका मागे उभी. बाराव्या मिनिटाला ओढणी या खांद्यावरून त्या खांद्यावर गेली, विसाव्याला पुन्हा गेली. ते बुडालेल्या माणसांची नावं एकेक करून वाचत होते आणि प्रत्येक नावाला शेडमधलं कोणीतरी डोळे पुसत होतं. तिसऱ्यांदा तिने ओढणीला हात लावला आणि सोडून दिला. खाली जाळ्यावर बसली आणि ऐकत राहिली. ते पन्नास मिनिटं बोलले. शेवटी सगळ्यांना चहा झाला, आणि चहाच्या चुलीत जळण म्हणून पान त्रेसष्ट घातलं होतं, सातशेच्या सातशे. आणि त्या बदामवाल्या बोटवाल्याने खरंच प्रत मागवली. पोस्टाने गेलेलं पहिलं पुस्तक त्याचंच. अजून त्याची तक्रार आलेली नाही.

नारळी पौर्णिमा होऊन गेल्यावर आम्ही रघू तांडेलना त्यांच्या प्रती द्यायला पुन्हा नाट्याला गेलो. तब्येत बरी होती. पुस्तकं देऊन आम्ही किनाऱ्यावरून परत येत होतो. दीपक आडविरकर होडी पाण्यात ढकलत होते. त्यांनी वर पाहिलं.

"शमे, बस."

ती जागच्या जागी उभी राहिली. मग चपला काढल्या. मीही उत्साहाने पँट दुमडायला लागलो, समुद्रातून किनारा कसा दिसतो ते एकदा बघावं म्हणून.

"काका, तुमी नको," गावकर म्हणाले.

शमिकाने तिची पिशवी माझ्या हातात दिली. त्यावर फोन ठेवला. चार वर्षांत तो फोन तिने कोणाच्या हातात दिलेला मी पाहिला नव्हता. तिचे डोळे भरले होते, माझेही भरले, आणि दोघांनीही ते लपवलं नाही. ती गुडघाभर पाण्यात शिरली, बापाने हात दिला, होडी निघाली.

ती कोणत्या दिशेला गेली ते मी पाहिलं नाही. मी समुद्राकडे पाठ करून, पिशवी धरून उभा राहिलो. फोन वाजला. एका वाचनालयातून होता, रघू तांडेलचा कार्यक्रम आमच्याकडे कधी ठेवता, शमिकाताई आहेत का?

म्हटलं, ती वडिलांबरोबर होडीत आहे. आल्यावर फोन करील.